पालकसभेतला गोंधळ कमी झाला तो कसा

मी कोल्हापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, सध्या सहावीचा वर्ग आहे आणि पट ४२. ओळखीतले बरेच शिक्षक विचारतात की तुमच्याकडे पालक येतात कसे, आणि आले तरी वाद कसे होत नाहीत, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. थोडं लांबेल पण नुसतं "पालकांशी सुसंवाद साधा" असं सांगून काही होत नाही, काय केलं ते सांगितलं तरच उपयोग.

आधीची पद्धत बहुतेक शाळांत असते तीच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळे पालक हॉलमध्ये, मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक, मग गणवेश, आधार कार्डाची झेरॉक्स, बँक पासबुक, स्कॉलरशिपचे फॉर्म अशा सूचना, त्यात पाऊण तास जायचा. मग सगळे वर्गात येणार आणि टेबलाभोवती गराडा. माझ्या हातात प्रगतीपुस्तकांचा गठ्ठा, समोर एक आई, तिच्या खांद्यावरून वाकून बघणारे अजून पाचसहा जण, आणि त्या सगळ्यांच्या देखत तिच्या पोराचं गणित कच्चं आहे हे सांगायचं. मंगळवार पेठेतल्या एका गल्लीतली चार पोरं एका वर्गात असतात, इथं बोललेलं संध्याकाळपर्यंत गल्लीत आणि तालमीत पोचतं. ती आई पुढच्या सभेला कशाला येईल? ज्यांच्या मुलांचं बरं चाललंय ते न चुकता यायचे आणि ज्यांच्याशी खरं बोलायचं असायचं ते यायचेच नाहीत. एका वडिलांनी तर तिथंच सगळ्यांसमोर पोराचा कान पिळला होता, ते पोर नंतर कितीतरी दिवस वर्गात तोंड उघडेना. हे मला सहन होईना, म्हणून हा विषय स्टाफरूममध्ये काढला.

तिथं एक सहकारी म्हणाले की शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं शिक्षण सुरू केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता, तसा सभेला न येणाऱ्यांना पण ठेवायला पाहिजे. मला ते पटलं नाही. तो दंड पोर शाळेबाहेर ठेवल्याबद्दल होता. आमचे पालक रोज पोरं पाठवतात, डबा देऊन पाठवतात, पावसात रेनकोट घालून स्वतः आणून सोडतात, फक्त शनिवारी सकाळी शिरोलीच्या फौंड्रीतून त्यांना सुट्टी मिळत नाही. रोजंदारीवर असलेल्या बाईचा अर्धा दिवस बुडाला की त्या दिवसाचे पैसे गेले. आणि कायद्याचंच बोलायचं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २४ मध्ये शिक्षकाची कामं दिलीत, त्यात पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती सांगायची हे काम आपल्यावर टाकलंय. म्हणजे भेट घडवून आणायची जबाबदारी आपली. मुख्याध्यापकांना हे सांगितलं, आधी एका वर्गापुरतं करून बघूया म्हटलं, आणि ते तयार झाले.

तर पहिलं काम वेळेचं. ४२ मुलं, प्रत्येकी १० मिनिटं म्हणजे ४२० मिनिटं, म्हणजे ७ तास. हे एका दिवसात होत नाही आणि ओढूनताणून केलंच तर शेवटच्या दहा पालकांच्या वाट्याला दमलेली बाई येते. म्हणून गुरुवार आणि शुक्रवार संध्याकाळी ५.३० ते ७.३०, शनिवारी शाळा सुटल्यावर ११.३० ते २.३०, आणि ज्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते त्यांच्यासाठी सोमवारी सकाळी ९ ते १०.३०. एकूण साडेआठ तास. वरचा दीड तास मुद्दाम ठेवला, कारण कोणीतरी उशिरा येतंच आणि कुणाचं तरी बोलणं दहा मिनिटांत संपण्यासारखं नसतंच. पाच भेटी झाल्या की एक स्लॉट रिकामा, हे माझं ठरलेलं आहे आणि ते कुणालाही देत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोटीस टाकून काम होत नाही हा माझा ठाम अनुभव आहे, तिथं गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली ती दबून जाते आणि काही घरांत फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर. म्हणून कागदाची चिठ्ठी, मुलांच्या हाती, त्यात चार वेळा छापलेल्या आणि पालकांनी सोयीच्या दोनवर खूण करायची. चिठ्ठ्या परत आल्या तेव्हा मला माझ्याच वर्गाची घरं पहिल्यांदा नीट कळली. ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्यांना संध्याकाळ चालत नाही कारण धार काढून डेअरीला दूध घालायची तीच वेळ. कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजी विकणाऱ्या आईला सकाळ चालत नाही. सेकंड शिफ्टवाल्याला सकाळ चालते, फर्स्टवाल्याला संध्याकाळ. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली की काही घरांतून आजोबाच येणार. आणि ज्यांची दोन मुलं शाळेत आहेत त्यांना एकाच फेरीत दोन्ही भेटी लागोपाठ दिल्या, तेवढ्यासाठी चौथीच्या बाईंबरोबर बसून दोन्ही तक्ते जुळवले. हे कामच खरं किचकट आहे, एक पूर्ण संध्याकाळ जाते, पण सभेच्या दिवशी वरांड्यात भांडणं होत नाहीत ती यामुळेच.

चिठ्ठी ज्यांची आली नाही त्यांना फोन. शाळेतून फोन आला की पालकांच्या पोटात गोळाच येतो, "काय झालं हो मॅडम? पडला काय?" हेच पहिलं वाक्य. म्हणून फोन उचलल्या उचलल्या मी सांगते, सगळं ठीक आहे, तुमची मुलगी वर्गात आहे, फक्त भेटीची वेळ ठरवायला फोन केलाय. तक्रार फोनवर काढायची नाही, ती काढली की माणूस सभेला येतच नाही.

दुसरं काम तयारीचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. प्रत्येक मुलाचं एक पान. त्यावर तीनच गोष्टी: एक त्याला चांगलं येतं ते, एक जिथं तो अडतो ते, आणि एक प्रश्न जो मला घरच्यांना विचारायचाय. "हुशार आहे पण मस्ती करतो", "लक्ष देत नाही", "अभ्यास वाढवायला हवा" असली वाक्यं मी लिहीतच नाही, त्यातून पालकाने घरी जाऊन नेमकं करायचं काय? मग तो एकच गोष्ट करतो, रागावतो नाहीतर मारतो. त्यापेक्षा वहीचं पान उघडून दाखवायचं की हे बघा, ६१८ भागिले ६, उत्तर १०३ यायला पाहिजे आणि हा १३ लिहितो, कारण मधल्या १ ला ६ चा भाग जात नाही तिथं शून्य लिहायचं राहतं, बाकी भागाकार त्याला येतो. हे ऐकल्यावर एक वडील, लेथवर काम करणारे, लगेच म्हणाले, "म्हंजे एकाच ठिकाणी चुकतंय व्हय, मला वाटलं ह्येला गणितच येत न्हाई." त्यांचा चेहराच बदलला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, रोज मायक्रोमीटर वापरतो, त्यांनी त्या दिवसापासून पोराकडून रोज दोन भागाकार करून घेतले.

प्रगतीपुस्तकातल्या श्रेणीचं पण आधी सांगावं लागतं. सहावीला आकारिक ५० आणि संकलित ५० असतं, म्हणजे निम्मे मार्क वर्षभरातल्या तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांचे आणि निम्मे पेपरचे, हे कित्येक पालकांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. ब-१ बघून एक आई रडवेली झाली होती, तिला वाटलं पोरगी काठावर आहे. ब-१ म्हणजे ७१ ते ८० टक्के. दोन वाक्यांचं काम आहे, पण ते नाही केलं तर तिकडं घरी त्या पोरीचं काय झालं असतं?

बसायची व्यवस्था. वर्गातल्या बाकावर मोठ्या माणसाला बसवायचं नाही, गुडघे अडकतात आणि माणूस परत विद्यार्थी होऊन बसतो. ऑफिसातून खुर्च्या आणायच्या, टेबलाच्या पलीकडे न बसता शेजारी बसायचं म्हणजे वही दोघांना सरळ दिसते. बाहेर वरांड्यात बाकं, पाण्याचा जार, आणि भिंतीवर मुलांची चित्रं, निबंध, प्रत्येक मुलाचं काहीतरी एक, कुणाचंही राहता कामा नये कारण वाट बघणारा पालक आपल्याच पोराचं नाव शोधत असतो. दारात शिपाई मामा यादी घेऊन. दार अर्धं उघडं पण पुढचे पालक ऐकू येणार नाही इतक्या लांब. घड्याळ दोघांनाही दिसेल असं ठेवायचं, मग "वेळ संपली" असं म्हणावं लागत नाही.

आणि सूचना? त्या सगळ्या एका कागदावर छापून वरांड्यातच देतो. भाषणाची गरजच पडत नाही.

बोलायला सुरुवात मी करत नाही, पालकांना करू देते. "घरी शाळेबद्दल काय सांगतो?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. सुरुवातीला बहुतेकजण म्हणतात, "आमास्नी काय कळतंय मॅडम, तुम्हीच सांगा." थोडं थांबलं की मग बोलतात. एका मुलाच्या पानावर माझा प्रश्न होता की घरी टीव्ही कुठून बघतो, कारण पुस्तकात बघून तो शुद्ध लिहायचा आणि फळ्यावरून उतरवताना अक्षरं सोडायचा. आजी आली होती, म्हणाली, "टीव्हीला नाक लावूनच बसतंय की, कितीदा हाकललं." सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, डोळे तपासायला सांगितलं, चष्मा येईपर्यंत त्याला पहिल्या बाकावर आणलं. दोन वर्षं त्या पोरावर निष्काळजी असा शिक्का होता. हे मला एकटीला वर्गात कळलं नसतं आणि आजीला एकटीला घरी कळलं नसतं.

ज्या आयांना वाचता येत नाही त्यांच्या हातात कागद देऊन "वाचा आणि सही करा" म्हणणं मला क्रूरपणा वाटतो. मी सगळ्यांनाच वाचून दाखवते, पदवीधर असो नाहीतर नसो, म्हणजे कुणाचंच वेगळं पडत नाही. आणि अध्ययन निष्पत्ती, संकलित, क्षमता असले शब्द शाळेच्या कागदात राहू देत, पालकांशी बोलताना सरळ "वाचतो कसा, लिहितो कसा, कुठं अडतो".

"वर्गात कितवा आहे?" हा प्रश्न हमखास येतो, त्यातही स्कॉलरशिपचं वेड असलेल्या आपल्या जिल्ह्यात तर येणारच. मी नंबर सांगत नाही. जूनची वही आणि आत्ताची वही शेजारी ठेवते. त्यानंतर दुसऱ्याच्या पोराचा विषय सहसा निघत नाही, आणि निघालाच तर स्पष्ट सांगते की तुमच्या मुलाबद्दल मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, तसंच त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगणार नाही. हे ऐकून लोकांना बरंच वाटतं.

रागावलेले पालक येतात. एक गृहस्थ विज्ञानाच्या पेपरात तीन मार्क कमी दिले म्हणून आले होते, आवाज चढलेला. अशा वेळी खुलासा करायची घाई करायची नाही, पूर्ण बोलू द्यायचं, मग पेपर काढून समोर ठेवायचा. दहा मिनिटांत मिटेना तेव्हा त्यांना विज्ञानाच्या सरांसोबत अर्ध्या तासाची वेगळी वेळ दिली, तारीख तिथल्या तिथं लिहून. दारात पुढचा पालक उभा असताना वाद ताणायचा नाही, दोघांचंही नुकसान. वेगळ्या भेटीत ते शांत होते, एका उत्तराचा एक मार्क सरांनी वाढवून दिला कारण तो खरंच द्यायला हवा होता, बाकी दोन का नाहीत ते समजावलं, विषय संपला.

खरी काळजी असते ती "घरी चल, बघतो तुला" म्हणणाऱ्यांची. शेवटची दोन-तीन मिनिटं मी मुलाला आत बोलावते, तोपर्यंत तो वरांड्यात. पण बोलावण्याआधी पालकांना सरळ विचारते, आज घरी गेल्यावर तुम्ही काय करणार? बरेचजण गडबडतात. मग दोघं मिळून एकच गोष्ट ठरवतो. मुलगा आत आला की त्याला आधी चांगलं काय ते वडिलांसमोर सांगते, मग अडलेलं कुठं ते तो स्वतः सांगतो, आणि ठरलेली एक गोष्ट त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिघं लिहितो: घरचे काय करणार, तो काय करणार, मी काय करणार. माझं नाव त्यात असलंच पाहिजे. पालकांवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. ही तीन मिनिटं मी कधीच कापत नाही, उशीर झाला तरी चालेल.

नवरा-बायको वेगळे राहत असतील तर दोघांना वेगळ्या वेळा, न विचारता, न चर्चा करता. चिठ्ठीतच एक ओळ आहे, "वेगळी भेट हवी असल्यास खूण करा".

पंधरा दिवसांनी प्रत्येकाला एक छोटा व्हॉइस मेसेज, लिहून नाही कारण आवाज सगळ्यांना कळतो. "शून्याचं आता जमायलंय बरं का" एवढा जरी गेला तरी पुढच्या सत्रात तो पालक स्वतःहून वेळ मागतो.

जे आलेच नाहीत त्यांचं काय? थर्ड शिफ्टवाल्या वडिलांशी दुपारी व्हिडिओ कॉल, वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरून. कपिलतीर्थमधली ती आई कुठल्याच स्लॉटला येऊ शकली नाही, तर मी भाजी घ्यायला गेले तेव्हा गिऱ्हाइकांसमोर पोराचा विषय काढला नाही, फक्त विचारलं, गर्दी कधी कमी असते? दुपारी तीनला म्हणाली. सुट्टीच्या दिवशी तीनला गेले, गोणपाटावर तिच्याशेजारी बसून वही दाखवली. असं प्रत्येकासाठी करता येत नाही हे मला माहीत आहे. पण सगळ्या वर्गाचं वेळापत्रक नीट लावलं तर असे एक-दोनच उरतात आणि एक-दोघांसाठी जमतं.

शिक्षकांच्या बाजूचं पण सांगितलं पाहिजे. संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबणं सोपं नाही, विशेषतः बायकांना, घरी स्वयंपाक, लहान मुलं, केएमटीची बस. म्हणून संध्याकाळचे दिवस दोनच आणि निदान दोन वर्ग तरी एकाच वेळी, कुणी एकटं शाळेत थांबायचं नाही. मुख्याध्यापकांनी त्या आठवड्यातली बाकीची माहिती भरायची कामं पुढे ढकलली, एवढी मदत वरून मिळाली नाही तर मी हे कुणाला करा असं सांगणार नाही. आठवी-नववीला प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, तिथं हा स्लॉटचा हिशोब जसाच्या तसा बसत नाही. आमच्याकडे तिथं वर्गशिक्षकच बाकीच्यांकडून प्रत्येकी एक ओळ आधी गोळा करतात आणि ज्या विषयात अडचण आहे तेवढेच शिक्षक हजर राहतात, ते अजून पूर्ण बसलेलं नाही, यंदा बदल करून बघतोय.

चिठ्ठ्या दिवाळीच्या सुट्टीआधी हातात द्या, सुट्टीनंतर दिल्या तर दप्तराच्या तळाशीच राहतात. मजकूर आमचा असा असतो, हवा तर जसाच्या तसा घ्या:

"नमस्कार. तुमच्या मुलाच्या / मुलीच्या अभ्यासाबद्दल १० मिनिटं बोलायचं आहे, तुम्ही आणि मी दोघंच. खालीलपैकी सोयीच्या दोन वेळांवर खूण करा. आई, वडील, आजी, आजोबा, मामा, काकी कुणीही आलं तरी चालेल. येणं शक्य नसेल तर फोनवर कधी बोलू ते लिहा. घरात दुसरं मूल याच शाळेत असेल तर त्याचा वर्ग लिहा, दोन्ही भेटी एकाच दिवशी ठेवू. काळजीचं काही नाही, सगळ्यांनाच बोलावलं आहे."

शेवटची ओळ काढू नका.